मूल वाचत नाही, म्हणजे नेमकं कुठे अडतं?

तिसरी-चौथीतल्या मुलांच्या पालकांशी बोलताना एक तक्रार हमखास येते: "पुस्तक हातात धरतच नाही." त्यावरचे उपायही ठरलेले असतात. मोबाइल काढून घेतला जातो, वाढदिवसाला पुस्तकांचा गठ्ठा येतो, रोज रात्री अर्धा तास वाचनाची सक्ती होते आणि जोडीला "आम्ही तुमच्या वयाचे असताना…" हे पुराण सुरू होतं. महिन्या-दोन महिन्यांत पुस्तकं कपाटात जातात आणि मूल पुन्हा टीव्हीसमोर.

या सगळ्यात एक गोष्ट तपासायची राहून जाते. या मुलाला वाचायला मुळात किती जड जातंय? ओळीओळीला ठेच लागत असेल, तर ते काम मोकळ्या वेळात, आपणहून, मजा म्हणून कोण करेल? मोठी माणसंही करत नाहीत. विमा पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी आपल्यापैकी किती जणांनी वाचल्या आहेत? वाचनाची आवड आपण संस्कारांच्या खात्यात टाकून ठेवली आहे. पण पहिली ते चौथीच्या वयात ती बरीचशी कौशल्याच्या मागून येते. आधी ओघ येतो, मग ओढ लागते. म्हणून इथे पुस्तकांच्या याद्या देण्याआधी वाचन घडतं कसं ते बघू.

डोक्यात काय चालतं

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. त्यासाठी कोणी वर्ग भरवत नाही. वाचनाचं तसं नाही. लिपी हा माणसाचा जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा शोध, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात तो पोचून फार तर तीन-चार पिढ्या झाल्या आहेत. इतक्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्य नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांच्या संशोधनातून असं दिसतं, की वस्तू आणि चेहरे ओळखायला वापरला जाणारा मेंदूचा एक भाग वाचायला शिकताना अक्षरं ओळखण्याच्या कामाला लागतो, आणि मग बोली भाषेशी जोडला जातो. ही जोडणी आपोआप होत नाही. कोणीतरी शिकवावं लागतं आणि मग भरपूर सराव लागतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत मुलं गोंधळतात त्यात हलगर्जीपणा नसतो. तोवर त्यांच्या डोळ्यांनी कधी इतक्या बारक्या फरकाला महत्त्व दिलेलं नसतं.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं. वाचून समजणं म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: अक्षरांवरून शब्द ओळखता येणं, आणि ती भाषा ऐकून समजणं. दोन्ही शून्य ते एक या मापात धरायच्या. गुणाकार हा शब्द इथे मुद्दाम आहे. बेरीज असती तर एक बाजू लंगडी पडली तरी दुसरीने भरून काढलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. मुलाला जपानी लिपी खडखडीत वाचायला शिकवली, पण जपानी भाषाच येत नसेल, तर ते पान वाचेल आणि त्याच्या हाती काहीच लागणार नाही. उलट, गप्पांमध्ये सगळ्यांना गार करणाऱ्या मुलीला अक्षरं ओळखता येत नसतील, तरीही उत्तर शून्यच.

हे गणित घरी सहज वापरता येतं. मुलाने न पाहिलेलं एखादं गोष्टीचं पुस्तक घ्या. एक पान त्याला मोठ्याने वाचू द्या आणि काय झालं ते सांगायला लावा. पुढचं पान तुम्ही वाचून दाखवा आणि तोच प्रश्न विचारा. तुम्ही वाचलेलं नीट कळलं, पण स्वतः वाचलेलं कळलं नाही, तर अडचण अक्षरांपाशी आहे. तुम्ही वाचलेलंही कळलं नाही, तर अडचण भाषेची किंवा विषयाच्या ओळखीची आहे. तिथे बाराखडी घोटून उपयोग नाही. आणि दोन्ही पानं छान कळली, तरीही मूल वाचत नसेल, तर मात्र पुस्तकांची निवड, वेळ, मोबाइल हे सगळे मुद्दे खरोखर लागू पडतात. आपली गफलत अशी होते, की पहिल्या दोन प्रकारच्या मुलांवरही आपण तिसऱ्या प्रकारचे उपाय करत बसतो.

देवनागरीची चढण

"मराठी जसं लिहितात तसं वाचतात, त्यात काय अवघड?" असं म्हणणाऱ्यांना आपण स्वतः कसे शिकलो ते आठवत नसतं. इंग्रजी स्पेलिंगच्या मानाने देवनागरी सरळ आहे हे खरं, पण तिची चढण लांब आहे. चौतीस-पस्तीस व्यंजनं आणि त्यांची बाराखडी धरली, तर ओळखायच्या आकृत्याच चारशेच्या वर जातात. त्यात जोडाक्षरं अजून आलीच नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, पण तिचा उच्चार अक्षरानंतर करायचा. एकटा र घ्या: क्रम, ट्रक, पर्वत, दुसऱ्या. चार शब्द, चार वेगळी रूपं. द्ध, द्य, ह्म, त्त यांत तर मूळ अक्षरं शोधून काढावी लागतात. चाकातला च वेगळा आणि चारमधला वेगळा, पण लिहिताना दोन्ही सारखेच.

शिवाय सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी एक गोष्ट आहे. 'करवत' हा शब्द मूल एकेक अक्षर लावत वाचतं: क, र, व, त. प्रत्येक अक्षरात पूर्ण अ. आपण मात्र बोलताना 'कर्-वत्' म्हणतो. कुठे अ उच्चारायचा आणि कुठे गिळायचा हे कागदावर लिहिलेलं नसतं. मुलाने करवत पाहिलेली असेल, हा शब्द ऐकलेला असेल, तरच चार सुटे आवाज जुळून त्याच्या डोक्यात तो शब्द उमटतो. नाहीतर ते चार आवाजच राहतात. म्हणजे 'साधं' अक्षरवाचनही बोली भाषेच्या आधाराशिवाय पूर्ण होत नाही.

कन्नड लिपीची रचना देवनागरीसारखीच आहे. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की अक्षरांचा पूर्ण संच हाताखाली यायला मुलांना चौथी-पाचवीपर्यंतचा काळ लागतो. आपल्याकडे "पहिलीत मुळाक्षरं झाली, दुसरीत जोडाक्षरं झाली" असं म्हणून विषय मिटवला जातो. अभ्यासक्रमात ती 'झालेली' असतात. मुलाच्या डोळ्यांना अजून सरावाची व्हायची असतात. तिसरीतलं मूल 'उत्सुकता' या शब्दाशी थांबून राहिलं, तर त्यात काहीच वावगं नाही.

याचा पुस्तक निवडण्याशी थेट संबंध आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला स्वतः वाचायला द्यायचं पुस्तक असं हवं, की ज्यात जोडाक्षरं कमी असतील, ओळी आखूड असतील, शब्द पुन्हा पुन्हा येत असतील आणि अर्थाला चित्राचा हात असेल. अलीकडची बरीच मराठी चित्रपुस्तकं 'घरटे होते' असं न लिहिता 'घरटं होतं' असं लिहितात. काही जुन्या वळणाच्या वाचकांना ते खटकतं. मला ते अगदी योग्य वाटतं. मूल कानाने ओळखत असलेला शब्द कागदावर तसाच भेटला, तर निम्मं काम तिथेच होतं. ग्रांथिक मराठी पुढे शिकता येते.

एक सोपी चाचणी बरेच शिक्षक वापरतात. पुस्तकाचं मधलंच एक पान उघडून मुलाला वाचायला द्यायचं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या वाचून दाखवण्याचं, स्वतः वाचायचं नाही. वाढदिवसाला भेट म्हणून येणारी जाडजूड चरित्रं आणि महाभारताच्या आवृत्त्या या चाचणीत सपशेल नापास होतात. देणाऱ्याची हौस भागते, एवढंच.

ओघ येईपर्यंत

अक्षर ओळखता येणं आणि वाचता येणं यांच्यामध्ये एक मोठा पट्टा आहे. त्यातच बहुसंख्य मुलं अडकतात. नवी नवी मोटारसायकल शिकणाऱ्या माणसाला क्लच, गिअर, ब्रेक यांतून डोकं वर काढायला सवड नसते. रस्त्याकडेच्या दुकानांच्या पाट्या त्याला दिसतच नाहीत. तसंच इथे होतं. माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. ती सगळी जागा अक्षरं जुळवण्यातच गेली, तर वाक्य संपेपर्यंत वाक्याची सुरुवात पुसली जाते. मूल ओळ वाचून संपवतं, पण "काय वाचलंस?" विचारलं की गप्प. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष होतं, ते सगळं अक्षरांवर खर्च झालं.

केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' कार्यक्रमाने (सुरुवात जुलै २०२१) म्हणूनच वेगाचे टप्पे ठरवले: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६०, तेही समजून. हे आकडे दिशा दाखवायला ठीक आहेत. मात्र घड्याळ लावून मुलांना पळवण्याचा प्रकार काही वर्गांत सुरू होतो तेव्हा 'समजून' हा शब्द गळून पडतो आणि मूल न थांबता, न कळता, घाईघाईने पाठ म्हटल्यासारखं वाचायला लागतं. विरामचिन्हाला थांबणं, प्रश्नाचा सूर काढणं, संवाद त्या त्या पात्राच्या ढंगात म्हणणं ही खरी खूण. तसं वाचणाऱ्या मुलाला अर्थ कळतोय हे कानांनाच ऐकू येतं.

ओघ येतो तो सोपं वाचून, आणि तेच ते पुन्हा वाचून. मूल पंधराव्यांदा तेच पुस्तक मागतं तेव्हा आईबाबा वैतागतात: "अरे, दुसरं घे की." घेऊ नये. एकच मजकूर पुन्हा वाचला की वेग आणि अचूकता वाढते, आणि तो फायदा नव्या मजकुरातही काही अंशी टिकतो, हे वाचनावरच्या संशोधनात १९७० च्या दशकापासून दिसत आलं आहे. बालगीतं आणि कविता इथे फार कामाच्या. त्या आधीच तोंडपाठ असतात, त्यामुळे बोट ठेवत वाचताना कानाला माहीत असलेला शब्द डोळ्यांना दाखवला जातो.

घरात जमेल असा आणखी एक प्रकार म्हणजे जोडीने वाचणं. मोठं माणूस आणि मूल एकाच वेळी, एकाच सुरात मोठ्याने वाचतात. मुलाला वाटलं की आता मी एकटा वाचतो, की ते खूण करतं आणि मोठं माणूस थांबतं. मूल अडलं की चार-पाच सेकंद वाट पाहायची, शब्द सांगायचा आणि दोघांनी पुढे जायचं. "अरे, कालच तर शिकवलं होतं!" हे वाक्य गिळायचं. दहा मिनिटं पुरेत.

शाळांमध्ये 'सगळ्यांनी दहा मिनिटं गुपचूप वाचायचं' असा तास असतो. वाचता येणाऱ्या मुलांना तो आवडतो. न येणारं मूल तेवढा वेळ पुस्तक समोर धरून पानं उलटत राहतं आणि वाचण्याचा अभिनय शिकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा नुसत्या मूक वाचनाच्या तासाने वाचनाचा ओघ सुधारतो असं म्हणायला पुरेसा पुरावा तिला मिळाला नाही. तास बंद करा असा याचा अर्थ नाही. त्या वेळेत बाईंनी किंवा सरांनी स्वतः वाचत बसण्याऐवजी अडणाऱ्या दोन-तीन मुलांना जवळ घेऊन मोठ्याने वाचून घेतलं, तर त्याच दहा मिनिटांचं सोनं होतं.

हे काम किती मोठं आहे ते 'असर' अहवालाच्या आकड्यांवरून कळतं. 'प्रथम' संस्थेच्या या पाहणीत स्वयंसेवक गावोगावी घरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलंच ती गोष्ट वाचू शकली. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के. म्हणजे प्राथमिक शाळा संपवत आलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीची गोष्ट सलग वाचता येत नव्हती. त्यांच्यासमोर वाचनसंस्कृतीवर भाषण देऊन काय होणार?

आणि ही दरी आपोआप बुजत नाही, वाढते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र नेमकं मांडलं: ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्यामुळे त्याचे शब्द वाढतात, त्यामुळे त्याला आणखी सहज वाचता येतं. ज्याला जड जातं तो टाळतो, आणि टाळल्यामुळे आणखी जड जातं. पहिलीत दोन मुलांमध्ये असलेला बोटभर फरक पाचवीत हातभर होतो.

शब्द आणि जग

चौथीच्या सुमारास काही मुलं अचानक ढेपाळतात. तोपर्यंत वाचन ठीक असतं, मार्कही बरे असतात. अमेरिकी संशोधक जीन शॉल यांनी याचं कारण सांगितलं आहे: पहिली तीन वर्षं मुलं वाचायला शिकतात, आणि त्यानंतर वाचून शिकायची वेळ येते. आपल्याकडे चौथीत शिवचरित्र येतं. जहागीर, तह, खंडणी, सुभेदार, मोहीम असे शब्द एकामागून एक येतात. अक्षरं सगळी ओळखीची, पण अर्थाचा पत्ता नाही. ज्या मुलाने आजीकडून किंवा शाळेत गोष्टींमधून हे शब्द ऐकलेले असतात ते सरसर पुढे जातं.

१९८८ मध्ये डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉल सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची जाण असलेली मुलं ही वाचनात हुशार, पण खेळ न कळणाऱ्या मुलांना मागे टाकून गेली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला, गोष्ट तीच. वाचून समजणं हे त्या विषयाची किती ओळख आहे यावर खूप अवलंबून असतं. त्यामुळे मुलाला बाजारात नेणं, एसटीच्या प्रवासात खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींवर बोलणं, गिरणीत पीठ कसं पडतं ते दाखवणं, घरात काय चाललंय ते समजावून सांगणं, हा सगळा वाचनाचाच अभ्यास आहे. डायनासोर किंवा रेल्वे किंवा साप अशा एकाच विषयाने झपाटलेल्या मुलाला त्याच विषयावरची पुस्तकं पुरवत राहावं. माहीत असलेल्या विषयात ते आपल्या पातळीच्या वरचंही वाचतं.

याच कारणासाठी मुलाला वाचता यायला लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नये. बहुतेक घरांत ते दुसरीतच थांबतं: "आता तुझं तू वाच." पण त्या वयात मुलाला ऐकून जे समजतं ते त्याला स्वतः वाचून समजणाऱ्यापेक्षा कितीतरी वरच्या पातळीचं असतं. स्वतः वाचायला सोपी पुस्तकं आणि ऐकायला अवघड, रंगतदार, लांब पल्ल्याची पुस्तकं, असे दोन वेगळे ढीग ठेवावेत. चौथीपर्यंत नक्की. त्यानंतर मूल स्वतःच "थांब, मीच वाचतो" म्हणेल.

वाचून दाखवताना काय बोलायचं यावरही बरंच काम झालं आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पालकांना चित्रपुस्तक वाचताना मुलांना जास्त बोलतं करायला शिकवलं: मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायची. महिन्याभरात त्या मुलांची भाषा नेहमीसारखं पुस्तक वाचून घेणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. "हा का रुसला असेल?", "तू असतास तर काय केलं असतंस?", "आता काय होईल सांग बरं?" एवढंच.

इथे आपल्या एका खास सवयीबद्दल बोलायला हवं. मराठी माणसाला गोष्ट संपली की तात्पर्य विचारल्याशिवाय राहवत नाही. ससा हरला, कासव जिंकलं, "मग यातून आपण काय शिकलो?" मुलं हुशार असतात. तीन-चार वेळा हे झालं की गोष्ट ऐकतानाच ती उत्तर तयार करायला लागतात आणि गोष्ट बाजूला राहते. पुस्तक वाचलं की सारांश लिहून आणायचा, हा त्याचाच शालेय अवतार. वाचण्याची शिक्षा लिहिणं असेल, तर मुलं वाचणं कमी करतात, हे कळायला संशोधनाची गरज नाही.

बक्षिसांचंही तसंच. 'महिन्यात वीस पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस' अशी योजना आली, की मुलं सगळ्यात बारीक पुस्तकं शोधतात. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधी सांगून बक्षीस दिलं ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रं कमी काढू लागली. बक्षीस न मिळालेली, किंवा अचानक मिळालेली मुलं तशीच रमत राहिली. द्यायचंच असेल, तर पुढचं पुस्तक द्यावं.

निवडही मुलाची असू द्या. चित्रकथा, विनोद, कोडी, भुताच्या गोष्टी, किराणा दुकानाच्या पुडीचा कागद, सगळं चालतं. मुलं अर्धं वाचून पुस्तक सोडतात. सोडू द्यावं, आपणही सोडतोच.

ज्यांच्या घरची भाषा वेगळी

आतापर्यंत मराठी घरात बोलली जाते असं धरून चाललो. पण मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारकडे पावरी किंवा भिली. ही मुलं पहिलीत येतात तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्यांना जवळजवळ परकी असते. गुणाकारातली दुसरी संख्या, म्हणजे भाषा ऐकून समजणं, शून्याजवळ असते, आणि शाळा मात्र अक्षरओळखीची पहिली संख्याच वाढवत बसते. अशा वर्गात मुलांच्या भाषेत गप्पा आणि गोष्टी, मग त्या गोष्टी फळ्यावर लिहून वाचणं, आणि सोबत मराठी बोलण्याचा भरपूर सराव, हाच रस्ता. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला "असं नाही, शुद्ध बोल" म्हणून गप्प करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. गप्प झालेलं मूल वाचायलाही घाबरतं.

दुसऱ्या टोकाला शहरातली इंग्रजी माध्यमातली मराठी मुलं आहेत. ती इंग्रजी धडा फाडफाड वाचतात, आईबाबा खूश होतात, आणि अर्थ विचारला की पंचाईत. या मुलांसाठी मराठी वाचन ही जादाची कटकट धरू नये. जी भाषा त्यांना कानाने येते, तिच्यात फक्त लिपी शिकायची असते. मराठीत एकदा वाचून समजण्याची चव लागली, की अंदाज बांधणं, दुवे जोडणं, न कळलं तर मागे जाऊन बघणं या सवयी इंग्रजीतही सोबत येतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये येणाऱ्या मुलांचं बहुधा उलटं असतं: वाचण्याची हातोटी इंग्रजीत तयार असते, मराठी मात्र कानावर कमी पडलेली. तिथे अक्षरओळखीआधी गप्पांवर आणि गोष्टींवर जोर द्यायला हवा.

पुस्तकं आणायची कुठून

पैशांचा प्रश्न खरा आहे, पण पूर्वीइतका नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सचा 'स्टोरीवीव्हर' हा २०१५ पासूनचा इंटरनेटवरचा उपक्रम. त्यावर मराठी चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, फुकट उतरवून घेता येतात आणि छापूनही देता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्तातली. गावातलं सार्वजनिक वाचनालय आहेच. तिथल्या बालविभागाची अवस्था ठिकठिकाणी वेगळी, पण चौकशी करणारे पालक वाढले की ती सुधारते, असं निदान मी पाहिलं आहे.

शाळेतल्या पुस्तकांची कथा मात्र निराळी. पुस्तकं आहेत, पेटीत किंवा कपाटात आहेत, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. फाटलं तर जबाबदार कोण, ही भीती. दोरीवर पुस्तकं टांगणं, वर्गाच्या कोपऱ्यात मुलांच्या उंचीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडणं आणि नोंदवही चौथीच्या मुलींकडेच सोपवणं हे उपाय अनेक जिल्हा परिषद शाळांनी बिनखर्चात केले आहेत. कणा दिसणारं पुस्तक आठ वर्षांचं मूल उचलत नाही, चेहरा दिसणारं उचलतं. पुस्तकांच्या दुकानदाराला हे कधीचं माहीत आहे.

घरात कोणाला वाचता येत नसेल, तरी मुलाने आजीला रोज एक पान वाचून दाखवावं. आजीने मधेच "अगं, पण तो परत का आला?" असं विचारलं, तर त्याहून चांगला प्रश्न पदवीधर आईलाही सुचणार नाही.

एवढं करूनही काही मुलांचं अक्षरांशी जमत नाही. नियमित सराव आहे, बोलणं-समजणं उत्तम आहे, तरी दुसरी-तिसरीत अक्षरं सारखी निसटतात, वाचताना ओळी सुटतात. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. कितीतरी 'कच्च्या' मुलांना फक्त चष्मा हवा असतो. त्यात काही आढळलं नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. साधारण आठव्या वर्षानंतर तिचं निदान नीट होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत तपासणीची सोय असते. निदान झालं म्हणून मूल वाचणार नाही असं नाही. त्याला अक्षरं आणि आवाज यांची जोडणी इतरांपेक्षा सावकाश, पायरीपायरीने आणि जास्त वेळा शिकवावी लागते. तोवर त्याला ऐकायला भरपूर गोष्टी मिळाल्या पाहिजेत, नाहीतर वाचनामागे शब्दही मागे पडतात.

राहता राहिली उन्हाळ्याची सुट्टी. एप्रिलच्या शेवटी शाळेचं कपाट कुलूपबंद होतं आणि ज्या मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही त्यांचं वाचन जूनपर्यंत पूर्ण थांबतं. वर्षभराच्या सरावातला बराच भाग तिथे गळतो. शाळांनी उलट करावं: शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला त्याच्या पसंतीची पाच-सहा पुस्तकं घरी द्यावीत, मुलांनी वाड्या-वस्त्यांवर आपसात बदलून घ्यावीत. जूनमध्ये काही पुस्तकं परत येणार नाहीत, काहींची पानं सुटलेली असतील. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने आधीच थोडे पैसे बाजूला काढून ठेवावेत आणि मुलांकडून भरपाई मागू नये.